केनीचा ट्रम्पेट आणि आम्ही लावलेली खिडकी

आमच्या हातून एक चूक झाली, ती आधी सांगतो.

मिरा-भाईंदरच्या सिल्व्हर पार्क भागात आम्ही आठ-दहा जण महिन्यातल्या एका रविवारी एकत्र बसतो. कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी रिक्षा चालवतो, दोन पोरे आयटीत आहेत. एखादे पुस्तक ठरवायचे, वाचायचे, त्यावर भांडायचे आणि चहा घेऊन उठायचे, एवढाच हा अभ्यासवर्ग. त्या रविवारी बाबासाहेबांचे ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ होते. आयटीतला पोरगा येताना एक मोठी चौकोनी पिशवी घेऊन आला. आत एक तबकडी होती. केनी डोरहॅम नावाच्या कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादकाची, ‘क्वायट केनी’ नावाची. मूळ रेकॉर्ड १९५९ची. ही तिची नवी, जाड, महागडी आवृत्ती. किंमत ऐकून आमचे जुने कार्यकर्ते उखडले. “एवढ्या पैशात अभ्यासिकेत किती पुस्तके आली असती? हे साहेबलोकांचे शौक आपल्याला कशाला?” पोरगा म्हणाला, “काका, आधी ऐका तरी.”

लावली. पहिले गाणे सुरू झाले आणि नेमका त्याच वेळी खालून हळदीचा बँड निघाला. ढोल, ताशा आणि त्यावर चढलेला ट्रम्पेट. आमच्यातला एक जण उठला आणि त्याने खिडकी लावून घेतली. कोणी काही म्हटले नाही. उलट सगळ्यांना बरे वाटले, आता नीट ऐकू येईल म्हणून.

दहा-पंधरा मिनिटांनी एक कार्यकर्ती ताई म्हणाली, “आपण काय केले कळले का? ट्रम्पेट ऐकता यावा म्हणून ट्रम्पेट बंद केला.”

मित्रहो, हा लेख त्या वाक्यामुळे लिहितो आहोत.

केनी डोरहॅम कोण, ते थोडक्यात सांगायला हवे, कारण जॅझ म्हटले की आपल्याकडे फार तर लुई आर्मस्ट्राँगचे नाव निघते. मॅकिन्ली हॉवर्ड डोरहॅम १९२४ साली टेक्सासमधल्या फेअरफील्ड या गावी जन्मला. शिकायला मार्शल गावच्या वायली कॉलेजात गेला. कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या कॉलेजात जागा नव्हती म्हणून उभ्या राहिलेल्या कॉलेजांपैकी ते एक; आपल्या मिलिंद महाविद्यालयाची आठवण व्हावी असे. पुढे न्यूयॉर्क. १९४८च्या अखेरीस चार्ली पार्करच्या बँडमध्ये माइल्स डेव्हिसची जागा याने घेतली. ‘जॅझ मेसेंजर्स’ या गाजलेल्या ताफ्याच्या पहिल्या फळीत हा होता. १९५६ साली क्लिफर्ड ब्राऊन अपघातात गेला, तेव्हा मॅक्स रोचने त्याच्या जागी यालाच बोलावले. म्हणजे आयुष्यभर मोठ्यांच्या रिकाम्या जागा भरत राहिलेला माणूस. स्वतःच्या नावाने मात्र त्याला फारसे कोणी विचारले नाही.

‘क्वायट केनी’ एका दिवसात झाली. १३ नोव्हेंबर १९५९, वार शुक्रवार. जागा न्यू जर्सीतला रुडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ. चौघेच वाजवणारे: ट्रम्पेटवर केनी, पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर पॉल चेंबर्स, ड्रमवर आर्ट टेलर. सोबतीला सॅक्सोफोन नाही. दुसरे फुंकवाद्य नसले की ट्रम्पेटवाल्याला दम घ्यायला उसंत मिळत नाही आणि चूक लपवायलाही जागा राहत नाही. ट्रम्पेट हे मुळात लांबवर ऐकू जावे म्हणून केलेले वाद्य, सैन्याचे वाद्य. हा माणूस ते शेजारी बसून बोलल्यासारखे वाजवतो. ओरडत नाही. आमचे उखडलेले जुने कार्यकर्ते तिसऱ्या गाण्यापर्यंत गप्प होऊन बसले होते. त्या गाण्याचे नाव ‘ब्लू फ्रायडे’.

त्या वर्षीचे न्यूयॉर्कही लक्षात घ्या. याच रेकॉर्डिंगच्या अडीच महिने आधी, २५ ऑगस्टच्या रात्री, माइल्स डेव्हिस बर्डलँड क्लबच्या दारात सिगारेट ओढत उभा होता. दारावरच्या पाटीवर त्याचेच नाव होते. पोलिसाने हटकले, ‘इथून हाल.’ मी इथेच काम करतो, असे तो म्हणाला. पोलिसांनी डोके फुटेपर्यंत मारले आणि अटकही त्यालाच केली. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये क्लबात वाजवायचे तर पोलिसांकडून मिळालेले कार्ड लागायचे. ते काढून घेतले की उपाशी मरा. थेलोनियस मंकसारख्या माणसाला त्यापायी काही वर्षे शहरातल्या क्लबांत वाजवता आले नाही. ही पद्धत १९६७ पर्यंत चालली. त्याआधी, १९५३ आणि १९५४ साली ‘डाऊनबीट’ मासिकाच्या वाचकांनी सर्वोत्तम ट्रम्पेटवादक म्हणून निवडला होता चेट बेकर. देखणा, गोरा. वाजवायचा चांगला, यात वाद नाही. पण आर्मस्ट्राँग आणि डिझी गिलेस्पी जिवंत असताना पहिला नंबर त्याचा. गुणवत्ता कोण मोजतो, हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

केनीचे पुढे काय झाले? १९६४ नंतर त्याच्या नावाने एकही नवा अल्बम मुद्रित झाला नाही. त्याने रचलेली ‘ब्लू बोसा’ ही धून आज जगभर जॅझ शिकणारा प्रत्येक पोर पहिल्या वर्षात शिकतो. पोट भरायला मात्र केनीला संगीताबाहेरची कामे करावी लागली. मूत्रपिंडे निकामी झाली आणि ५ डिसेंबर १९७२ रोजी तो गेला. वय ४८. त्याच वर्षी मुंबईत ‘ब्लॅक पँथर’वरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली होती. रेकॉर्डची टेप मात्र जिवंत राहिली. ती प्रेस्टिज कंपनीची मालमत्ता होती. १९७१ साली प्रेस्टिज फँटसीने घेतली, २००४ साली फँटसी काँकॉर्डने घेतली. माणूस मेला, माल फिरत राहिला.

आता ही जाड तबकडी. अशा आवृत्तीत करतात काय, तर मूळ टेप तिजोरीतून काढतात, कसबी तंत्रज्ञ त्या आवाजाची खाच एका मऊ लेपाच्या तबकडीवर कोरतो, त्यावरून धातूचे साचे होतात आणि साच्यांतून १८० ग्रॅम वजनाच्या तबकड्या दाबतात. जुन्या कव्हरची हुबेहूब नक्कल करतात. मध्ये कुठेही संगणक येऊ द्यायचा नाही, ही मोठी अट. सगळे ‘शुद्ध अ‍ॅनालॉग’. या शौकिनांच्या तोंडी ‘शुद्ध’ हा शब्द इतक्या वेळा येतो की आपल्या माणसाचे कान टवकारतातच. २०२२च्या जुलैमध्ये याच शुद्धतेचे बिंग फुटले. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकेतली नावाजलेली कंपनी. तिच्या अनेक तबकड्यांमध्ये २०११ पासून डिजिटल टप्पा होता, असे उघड झाले. दहा वर्षे मोठमोठे जाणकार त्या तबकड्या ऐकून डोळे मिटून माना डोलवत होते. कोणाच्याही कानाला बाट लागल्याचे कळले नव्हते! मग खटला झाला आणि अडीच कोटी डॉलरची तडजोड. कानाने जे ओळखता आले नाही ते कागदावर कळताच विटाळ झाला. विहिरीचे पाणी कोणी शेंदले ते समजेपर्यंत गोडच लागत असते.

तरीही आम्ही आमच्या त्या पोराच्या बाजूने आहोत. साहेबलोकांच्या शौकाला हसणे सोपे आहे. पण कव्हर उलटून पाहा. मागे चौघांची नावे छापलेली आहेत. ज्याचा आवाज मुद्दाम कान दिला तरच लक्षात येतो, त्या बासवाल्याचेही. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचेही. एका दुपारी चार कृष्णवर्णीय माणसांनी काय वाजवले, त्याची दिनांकासह नोंद आहे, म्हणून साठ-पासष्ट वर्षांनी मिरा रोडला बसून आम्ही त्यांच्यावर बोलू शकतो. पैसे त्यांना मिळाले नाहीत, हे खरे. नाव मिळाले. आपल्या वाट्याला यातले काय आले, ते आता बघू.

ट्रम्पेट मुंबईत आला त्या काळाची गोष्ट बाबासाहेबांच्या आयुष्याला दोनदा लागून जाते. १९१३च्या जुलैमध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला उतरले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्समध्ये नववर्षाच्या रात्री पिस्तूल उडवले म्हणून एका काळ्या पोराला सुधारगृहात टाकले होते. तिथे त्याच्या हातात कॉर्नेट आले. तो लुई आर्मस्ट्राँग. आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जेम्स रीझ युरोप या कृष्णवर्णीय बँडमास्टरच्या ताफ्यात क्रिकेट स्मिथ नावाचा एक कॉर्नेटवादक रेकॉर्डसाठी वाजवत होता. हाच क्रिकेट स्मिथ वीस-बावीस वर्षांनी मुंबईत आला. १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय बँड ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, त्यापाठोपाठ क्रिकेट स्मिथचा. १९३६ साली त्याच्या ताफ्याने इथेच ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ ही धून मुद्रित केली. नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझवरच्या आपल्या पुस्तकाला तेच नाव दिले आहे. १९३६ म्हणजे लाहोरच्या मंडळाने परिषद रद्द केल्यावर बाबासाहेबांनी ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ स्वतःच्या खर्चाने मुंबईत छापले ते वर्ष. दोघांची गाठ पडली असे आम्ही म्हणत नाही. एक दादरला होता, एक अपोलो बंदरला, आणि मधले अंतर ट्रामच्या तिकिटाने कापले जाणारे नव्हते. पण काळ्यांचा प्रश्न आणि अस्पृश्यांचा प्रश्न शेजारी ठेवून अभ्यासला पाहिजे, ही गोष्ट बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून सांगितली, ती हवेतून आलेली नव्हती.

ताजमधल्या या कृष्णवर्णीय कलावंतांकडून शिकले ते गोव्याचे ख्रिस्ती वादक. चर्चच्या शाळांत त्यांना स्वरलिपी वाचायला आधीच शिकवलेली होती. (गोव्यात धर्म बदलूनही बामण-शूद्र गेले नाहीत, चर्चच्या मानपानातही राहिले, हे विसरायचे नाही.) हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ नावाने गाजला. ‘हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग’ म्हणत त्याला. ताजमध्ये त्याचा बँड होता, आणि सी. रामचंद्रांबरोबर त्याने केलेले काम ‘अलबेला’त १९५१ साली सगळ्या देशाने ऐकले. त्या चित्रपटात तो बँडसह पडद्यावरही दिसतो.

पण हिंदी चित्रपटाच्या तबकड्यांची कव्हरे काढून बघा. नायक, नायिका, गायक, गीतकार, संगीतकार. मागे शंभर-शंभर माणसांचा ताफा, त्यातल्या कोणाचे नाव नाही. ज्या ट्रम्पेटच्या तुकड्याशिवाय गाणे ओळखूही येणार नाही, तो वाजवणारा निनावी. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा ट्रम्पेटवादक होते आणि त्यांनी कित्येकांना शिकवले, हे कितीजणांना ठाऊक आहे? प्यारेलालांनी आपले व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांचे नाव १९७७ साली एका गाण्यात गुंफले म्हणून ते उरले, तेही लोकांना विनोदी पात्र वाटले.

आणि रस्त्यावरचा बँड? तो तर या यादीच्याही बाहेर.

गावगाड्यात वाजवणे हे काम होते, कला नव्हती. म्हणजे कला होतीच, पण तिला कला म्हणायचे नाही असा दंडक होता. मातंग, होलार, महार यांनी सनई-हलगी-डफडे वाजवायचे, वरात देवळाशी पोचली की बाहेर थांबायचे, आणि बलुते मागायला शेवटी उभे राहायचे. मग इंग्रजी पलटणींचे बँड आले. त्यांचे पितळ, त्यांचे गणवेश शहरातल्या लग्नांत उतरले. मेरठला १८८५ पासून नादिर अली कंपनी ही वाद्ये बनवू लागली. गावच्या वाजंत्र्याच्या हातात कॉर्नेट, ट्रम्पेट, युफोनियम आले. आपल्या उत्तन-वसईच्या ख्रिस्ती वस्त्यांतही लग्नाला आणि मयताला पितळी बँड असतो. काळ्यांच्या हाती पितळ आले ते असेच, सैन्याच्या बँडमधून. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर त्या पितळाचे जॅझ झाले. आपल्या रस्त्यावर त्याच पितळाचे काय झाले, ते कोणी टिपून ठेवले नाही, कारण वाजवणाऱ्याची जात ऐकणाऱ्याला आधीच माहीत होती. ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने २००५ साली या लग्नाच्या बँडवाल्यांवर आख्खे पुस्तक काढले. आमच्या विद्यापीठांचे संगीत विभाग तेव्हा काय करत होते?

इथे आमच्या जुन्या कार्यकर्त्यांनी खरा मुद्दा काढला, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक होईल. ते म्हणाले, “बाबासाहेबांनी गावकीची कामे सोडायला सांगितली. महाडनंतर आपल्या बापांनी मेलेली ढोरे ओढणे टाकले, वाजवणे टाकले, त्यापायी बहिष्कार सोसले. आज तुम्ही पुन्हा त्याच वाजवण्याचे कौतुक करणार?” बरोबर आहे. जात म्हणजे श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी, हे त्याच दिवशी आम्ही वाचत होतो. जन्माने गळ्यात बांधलेली हलगी फेकणे ही क्रांतीच होती. ‘लोककला जपा’ म्हणत सरकारी महोत्सवात आपल्याच माणसाला पुन्हा कमरेत वाकून वाजवायला लावणाऱ्यांचे आम्ही वकील नाही.

पण फेकलेली हलगी ज्यांनी पुन्हा स्वतःच्या मर्जीने उचलली, त्यांचे काय? भीमराव कर्डकांनी जलसा उभा केला तो कोणाच्या देवळापुढे वाजवायला नव्हे. वामनदादा कर्डक गावोगाव हिंडले, विठ्ठल उमप २०१० साली दीक्षाभूमीवरच्या मंचावरच कोसळले, प्रल्हाद शिंदे यांचा आवाज तर प्रत्येक वस्तीत होता. हे वाद्य तेच, मालक बदललेला. फरक कळीचा आहे: कोणाच्या हुकमाने वाजवता, मोबदला कोण ठरवतो, आणि नाव कोणाचे लागते. हेच तीन प्रश्न केनीला लावा. हुकूम त्याचा स्वतःचा होता. मोबदला कंपनीचा. नाव त्याचे.

आपल्या भीमगीतांच्या बाबतीत नावही धड उरलेले नाही. तबकडीवरून ती कॅसेटवर आली, ऐंशी-नव्वदच्या दशकात कॅसेटी घरोघर गेल्या. कव्हरवर गायक मोठ्या अक्षरात, कवी कधी असे, कधी नसे. ढोलकी कोणाची, क्लॅरनेट कोणाचे, ते शोधू नका. आज त्या कॅसेटींना बुरशी आली आहे, काहींची फीत प्लेअरने खाल्ली. आमच्याच एका सदस्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत पन्नासेक पडल्या आहेत. त्यांच्या मूळ टेपा कोणत्या तिजोरीत आहेत, की पुसून वर दुसरे काही भरले? केनीची टेप कंपनीने प्रेमापोटी सांभाळली नाही, विकता येईल म्हणून सांभाळली. आपली कोणाला विकाऊ वाटली नाही. मग ती सांभाळायचे काम आपलेच होते, आणि आपण डीजे लावत बसलो. जयंतीला भिंती हादरवणारा डीजे आला तसे बँड मागे गेले, हे आपल्याच मंडळांच्या पावतीपुस्तकांत दिसेल.

एक गोष्ट जाता जाता. विसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नासेक वर्षांत जगभरच्या तबकड्या लाखेपासून बनत. ती लाख मोठ्या प्रमाणात आपल्याकडून जाई. छोटा नागपूरच्या रानात आदिवासी बायाबापे ती झाडांच्या फांद्यांवरून खरवडून काढत. आर्मस्ट्राँगच्या सुरुवातीच्या तबकड्या ज्या मालाच्या झाल्या, त्यात त्यांचे हात आहेत. शुद्धतेवर लेख लिहिणाऱ्या शौकिनांना हे सांगायला हरकत नाही.

त्या रविवारी आम्ही खिडकी उघडली तेव्हा बँड पुढच्या गल्लीत गेला होता. दोघे जण खाली उतरलो. वरात थांबलेली, पाहुणे नाचून दमलेले, बँडवाले गटाराच्या कडेला बसून पाणी पीत होते. लाल कोट, पितळी बटणे, पायात चपला. हातगाडीवर मालकाचे नाव दिव्यांनी लिहिलेले. ट्रम्पेटवाले काका पंचावन्नच्या आसपासचे, जालना जिल्ह्यातले, मातंग समाजाचे. बापाकडून शिकले, बाप हलगी वाजवायचा, मग कॉर्नेट. स्वरलिपी येत नाही, गाणे दोनदा ऐकले की बसते. आमच्याकडे वही होती. आम्ही म्हटले, “काका, तुमच्या पार्टीतल्या सगळ्यांची नावे सांगा, कोण काय वाजवतो ते लिहून ठेवायचे आहे.” ते हसले. “आजवर कोणी इचारलं नाय.” मग एकेकाला हाक मारून सांगू लागले: हा ताशा, हा ढोल, हा दुसरा ट्रम्पेट, माझा पुतण्या.

आम्ही आडनाव विचारले तसे ते थबकले. पुतण्याकडे पाहिले. मग वहीवर हात ठेवून म्हणाले, “नुस्तं नाव ल्ह्या साहेब. पोरगी हितंच कॉलेजात हाय. आडनावावरनं समजतं.”

वहीत अकरा नावे आहेत. आडनावाचा रकाना आम्ही आखला होता, तो तसाच ठेवला आहे.